प्रत्येक वस्तूची स्वतःची लय : नैसर्गिक वारंवारिता आणि आपली साधना



‘सगळे जग स्पंदनमय आहे’ असे आपण सत्संगात अनेकदा ऐकतो. आज हे स्पंदन भौतिकशास्त्राच्या दृष्टीने समजून घेऊ. त्यातून रोजच्या साधनेसाठी एक उपयोगी विचार मिळतो.

नैसर्गिक वारंवारिता म्हणजे काय?

झोपाळ्याला एकदा ढकलून बाजूला व्हा. तो आपल्याच लयीत झुलत राहतो. थोडे जोरात ढकलले तर झोका मोठा होतो, पण एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. एक मीटर दोरीला टांगलेला लहान दगड जड असो वा हलका, त्याचा एक पूर्ण झोका सुमारे २ सेकंदांचा असतो. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढवले की तिचा स्वर खाली उतरतो.

वस्तूचा आकार, वस्तुमान आणि ताठरपणा यांवरून ती एका सेकंदात किती वेळा कंप पावणार हे ठरते. हीच तिची नैसर्गिक वारंवारिता. ती हर्ट्झमध्ये मोजतात.

अनुनाद

सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. वादक त्या रागाच्या स्वरांत लावून घेतो. वर एखादा स्वर छेडला की त्या स्वरात लावलेली खालची तार हात न लावताही झंकारते. बाकीच्या तारा जवळजवळ शांत राहतात. बाहेरची लय आणि वस्तूची लय जुळली की कंपन वाढत जाते. याला अनुनाद म्हणतात. लहान मूलसुद्धा योग्य क्षणी हलके-हलके ढकलून मोठ्या माणसाचा झोपाळा उंच नेते, ते यामुळेच. तेथे जोरापेक्षा वेळेला अधिक महत्त्व असते.

हीच शक्ती हानीही करते

१८३१ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी चालली होती. पुलाच्या हेलकाव्यांशी त्यांची पावले एका तालात पडू लागली. झोके वाढले, साखळीचा एक कच्चा बोल्ट तुटला आणि सुमारे ४० सैनिक नदीच्या पाण्यात पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. यानंतर पूल ओलांडताना ताल मोडून चालण्याचा आदेश ब्रिटिश सैन्यात देण्यात आला.

२००० साली लंडनचा मिलेनियम पूल खुला झाला. तेथे सैनिक नव्हते, साधे पादचारी होते. पूल आडवा डोलू लागला तसे लोक तोल सावरत चालू लागले आणि त्या चालण्यानेच डोलणे आणखी वाढले. दोनच दिवसांत पूल बंद करावा लागला. अभियंत्यांनी त्याला झोके शोषून घेणारी उपकरणे, म्हणजे डॅम्पर, बसवले. २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला.

साधकासाठी बोध

येथे एक सावधगिरी बाळगू या. तारेचे कंपन मोजता येते. मनाची शांती त्याच मापाने मोजता येत नाही. म्हणून ‘विज्ञानाने मंत्राची शक्ती सिद्ध केली’ असे या उदाहरणांवरून कोणाला सांगू नका. श्रद्धेला अशा अर्धवट आधाराची गरज नाही. हा पुरावा नव्हे, दृष्टांत आहे.

दृष्टांत मात्र खोल आहे. महिन्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटे बसणे, हा झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का आहे. क्रोधाचेही तसेच असते. समोरच्याचा एक शब्द, आपले उत्तर, पुन्हा त्याचा शब्द. प्रत्येक धक्का छोटा असतो, पण आत कुठेतरी एक कच्चा बोल्ट असतो. अशा वेळी ताल मोडावा. क्षणभर थांबावे, पाणी प्यावे, उत्तर उद्यावर ठेवावे. संयम हाच आपला डॅम्पर.

आणि तरफेची तार लक्षात ठेवा. दिवसभर असंख्य स्वर आपल्यावर येऊन आदळतात. ते थांबवणे आपल्या हाती नाही. आपली तार कोणत्या स्वरात लावायची, हे मात्र आहे.

मननासाठी : या आठवड्यात रोज रात्री स्वतःला विचारा – आज मी कोणत्या गोष्टीने लगेच झंकारलो? आणि कोणत्या क्षणी मला ताल मोडता आला?