ग्रहणीविकारात मलाची जलपरीक्षा : एक चिकित्सोपयोगी विचार

अन्नवह स्रोतसात ग्रहणीस विशेष महत्त्व आहे. आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये स्थित असलेली ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान होय. सुश्रुताचार्यांनी तिलाच पित्तधरा कला म्हटले आहे. अपक्व अन्नास धारण करणे व पक्व अन्न पुढे सोडणे हे तिचे कार्य. आधुनिक शारीरानुसार लघ्वांत्राच्या सुमारे २५ सें.मी. लांबीच्या आद्यभागात पित्त व स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळतात. दोन्ही वर्णने तंतोतंत एक नव्हेत. तथापि कार्यसाम्य लक्षणीय आहे.

अग्नी दुर्बल झाला असता ग्रहणी अन्न अपक्वच पुढे सोडते. मल कधी बद्ध, कधी द्रव होतो. अशा वेळी चिकित्सकापुढील पहिला प्रश्न म्हणजे मल साम की निराम? चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सिताध्यायात यासाठी सुलभ परीक्षा सांगितली आहे : साम मल गुरुत्वामुळे पाण्यात बुडतो, पक्व मल तरंगतो. मात्र अतिद्रवता, घनता, शैत्य व कफदुष्टी हे अपवादही तेथेच नमूद आहेत. व्यवहारात नियम लक्षात राहतो, अपवाद विसरले जातात.

आजच्या ज्ञानानुसार मल तरंगण्याचे प्रमुख कारण त्यातील वायू होय. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दाखविले गेले. स्नेहांशाचे पचन वा शोषण न झाल्यासही मल तरंगू शकतो. असा मल विपुल, फिकट, तेलकट व दुर्गंधी असतो. तो तरंगतो म्हणून निराम समजून स्तंभन योजल्यास मूळ व्याधी दुर्लक्षित राहतो.

म्हणून जलपरीक्षेसोबत पुढील बाबी पाहाव्यात :

१) जिव्हा, क्षुधा, उद्गार, अंगगौरव.
२) मलाचा वर्ण, गंध, पिच्छिलता व स्निग्धता.
३) वजनातील घट, पांडुता, सरक्त मल, रात्री झोपमोड करणारा अतिसार. यांपैकी काहीही आढळल्यास रक्त व मलाची तपासणी विनाविलंब करावी.
४) गव्हाच्या असात्म्यतेमुळे होणाऱ्या आंत्रविकाराची शंका असल्यास रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये, अन्यथा तपासणी फसवी ठरू शकते.

सामावस्था निश्चित झाल्यास प्रथम लंघन व दीपन-पाचन. ग्राही द्रव्यांचा विचार त्यानंतरच. तक्र श्रेष्ठ खरे, परंतु तेही अवस्था पाहूनच द्यावे. एका लक्षणावर निदान उभारू नये, हाच या परीक्षेच्या अपवादांचा बोध होय.