‘झोंबी’तील लेखकाची पूर्वघडण

लेखकाच्या घडणीचा विचार करताना आपण सामान्यतः महाविद्यालयीन वाचन, वाङ्मयीन चळवळी आणि नियतकालिके यांपासून आरंभ करतो. त्याआधीचा काळ केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला पडतो. आनंद यादव (१९३५–२०१६) यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्राच्या आधारे या पूर्वकाळाची वाङ्मयीन दृष्ट्या तपासणी करता येते. साहित्य अकादेमीचा १९९० चा पुरस्कार या ग्रंथास लाभला. वडिलांनी शाळा सोडवून शेतीला जुंपलेला कागलचा आनंदा पुन्हा शाळेत कसा पोचतो, हा त्याचा मुख्य कथाभाग. त्याच्या पोटात कवितेकडे वळण्याची दुसरी कथा आहे.

या घडणीचे पहिले साधन कान हे होय. मराठीचे शिक्षक सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर गाऊन, अभिनयासह शिकवीत. पिकाला पाणी पाजताना आनंदा त्याच चाली, तेच हावभाव स्वतःशी घोळवतो. पुढे स्वतःच्या चालीही लावून पाहतो. छंद आणि लय यांचे शास्त्र त्याला मागाहून कळते; त्यांचा सराव आधीच झालेला असतो.

दुसरी पायरी कवीविषयीच्या कल्पनेत घडलेल्या बदलाची आहे. मास्तर यशवंत, बोरकर, तांबे यांच्या भेटींच्या आठवणी सांगतात. स्वतःही कविता करतात. त्यांच्या दारावरील मालतीच्या वेलावर त्यांनी केलेली कविता आनंदाने वाचली आहे आणि तो वेलही पाहिला आहे. वस्तू व तिची कविता शेजारी ठेवून पाहता आल्याने, आपल्या रानावर, गावावर आपणही लिहू शकू असा विश्वास त्याला येतो. कवी हा आपल्यासारखाच माणूस असतो, ही जाणीव येथे निर्णायक ठरते.

तिसरी बाब लेखनाच्या साधनांची. कागद-पेन्सिल जवळ नसे तेव्हा तो काटकीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर ओळी लिही आणि पाठ झाल्या की पुसून टाकी. रविवारी जुळलेली कविता सोमवारी मास्तरांना दाखवायची. कधी तेवढाही धीर न धरवल्याने रात्रीच त्यांचे घर गाठायचे. पहिला वाचक असा हाताशी असल्यामुळे शाबासकीबरोबरच भाषा, छंद व शुद्धलेखन यांचे संस्कारही होत गेले.

या प्रक्रियेत एकटेपणाचा अर्थ पालटतो. पूर्वी रानात एकट्याने काम करणे त्याला कंटाळवाणे वाटे. आता मोठ्याने गाता यावे म्हणून एकटेपणच हवेसे वाटू लागते. मात्र यावरून कष्टांनी कवी घडविला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शाळेत जाण्याची परवानगीही सकाळी शेतावर राबण्याच्या आणि शाळेनंतर गुरे चारण्याच्या अटीवर मिळालेली आहे. श्रमांनी मुलाचा वेळ हिरावला होता. त्यातला थोडा भाग त्याने कवितेसाठी परत मिळवला. शीर्षकातील ‘झोंबी’ या शब्दाचा रोख इकडेही आहे.

हे सारे मराठीचा प्राध्यापक झालेला, पन्नाशी ओलांडलेला लेखक सांगत आहे, याचेही भान ठेवावे लागते. आठवणींची निवड व मांडणी त्या प्रौढ लेखकाची आहे. तरीही म्हशीच्या पाठीवर उमटून पुसलेल्या ओळींसारखे तपशील त्या मुलाच्या जगातले आहेत. अध्यापनात ‘झोंबी’ केवळ जिद्दीची यशोगाथा म्हणून शिकवली, तर नेमके हेच तपशील निसटतात आणि लेखक घडताना पाहण्याची दुर्मीळ संधी हातची जाते.