अर्धी राहिलेली गोधडी

ज्या घरीं गोधडी नाहीं असें घर आपल्या खेड्यांत सांपडणें कठीण. पण जेथें अर्धी शिवून ठेविलेली गोधडी नाहीं असेंही घर क्वचितच सांपडेल. पेटीच्या तळाशीं किंवा माळ्यावर एखादें गाठोडें असतेंच. त्यांत जुन्या लुगड्याचे थर, चोळ्या बेततांना उरलेल्या चिंध्या, आणि टोंचून ठेविलेली गंजकी सुई. ‘सुगी झाल्यावर पुरी करूं’ म्हणतां म्हणतां तीन सुग्या जातात, उंदीर एक कोपरा कुरतडतो, आणि पौषाच्या थंडींत मूल आईच्या पदराखालीं कुडकुडतें. म्हणून हातीं घेतलेली गोधडी शेवटास कशी न्यावी, ह्याचा ह्या पाठांत विचार करूं.

गोधडी राहते ती बहुधा आळसानें नव्हे. काम किती उरलें हें ठाऊक नसतें म्हणून राहते. तें मोजलें कीं भीति निम्मी होते.

पहिलें, निवड. गाठोडें उन्हांत सोडावें व प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनीं ओढून पाहावा. टरकेल तो मधल्या थरास, टिकेल तो वरच्या बाजूस. नवें कापड आधीं भिजवून वाळवावें. त्याची खळ निघते आणि जें आटावयाचें तें आधींच आटतें. नाहीं तर पहिल्या धुण्यांतच गोधडी आंखडते. गडद रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबावा. डाग उमटल्यास तो घेऊं नये.

दुसरें, मांडणी. नऊवारी लुगड्याच्या लांबीचे चार भाग केले म्हणजे सुमारें साडेचार हात लांबीचे चार थर होतात. ते सारवलेल्या जमिनीवर एकावर एक पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवावे. मग मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टांके घालावे, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. हे टांके न घालण्यानेंच पुष्कळ गोधड्या अर्ध्यावर फुगतात आणि शिवणारी कंटाळते.

तिसरें, शिवण. कडा आंत दुमडून धांवदोरा कडेनें धरावा व फेऱ्या घालीत मध्याकडे यावें. दोरा हातभरच घ्यावा व मेणावर ओढावा. लांब दोऱ्यास गांठी पडतात. दोन फेऱ्यांत दोन बोटांचें अंतर ठेवावें. आतां हिशेब पाहा. एक हात म्हणजे २४ बोटें. अडीच हात रुंदीचीं ६० बोटें, मध्यापर्यंत ३०. म्हणजे फेऱ्या १५. रोज एक फेरी घातली तर पंधरवड्यांत अंथरूण तयार! दीड हात रुंदीच्या, लेंकराच्या गोधडीस तर नऊच फेऱ्या.

चौथें, कोपरे. गोधडी आधीं कोपऱ्यांत विरते. तेथें जाड चिंधी लावावी. उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी लोक राहतात; त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. त्यांच्या स्त्रियाही कडेकडून आंत शिवीत येतात, आणि शेवटीं कोपऱ्यांस तिकोनी घड्यांचीं फुलें लावितात. फुलांवांचून गोधडी त्या पुरी मानीत नाहींत. पूर्णतेची खूण ठरलेली असणें हें किती चांगलें!

एक गोष्ट राहिली. कित्येक गाठोड्यांत आईच्या किंवा सासूच्या हातची अर्धी गोधडी असते. ती माउली गेलेली असते, आणि तिच्या टांक्यांपुढें आपले टांके घालावयास हात धजत नाहीं. अशा भगिनींस आमचें सांगणें इतकेंच, कीं तिचे चांगले टांके उसवूं नका. जेथें सुरकुती आहे तेवढेंच उसवा, आणि तिची सुई जेथें थांबली तेथून पुढें चला. तुमचा टांका निराळा दिसेल, दिसूं द्या. ती गोधडी कोणाच्या तरी अंगावर पडावी म्हणूनच तिनें आरंभिली होती.

प्रश्न : (१) कच्चे टांके मध्यापासून कां घालावे? (२) तुमच्या घरच्या अर्ध्या गोधडीस किती फेऱ्या उरल्या आहेत? मोजून सांगा.