दूरचित्रवाणीवरील हिंसा आणि आपली मुले : एक अभ्यास

लहान मूल ऐकून बोलायला शिकते आणि पाहून वागायला शिकते. म्हणूनच आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे रोज काय येते, हा प्रत्येक आईबापाच्या काळजीचा विषय आहे. पूर्वी मुलाचे जग घर, अंगण, शाळा आणि वस्ती एवढेच होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत चित्र आले आणि १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या व केबल यांचे जाळे गावोगाव पसरले. आज तेच चित्र मोबाईलच्या रूपाने मुलाच्या मुठीत आले आहे.

डोलवी, गडब, वडखळ हा आपला परिसरही याच काळात बदलला. धरमतर खाडीच्या काठावरील शेती-मासेमारीच्या या भागात नव्वदच्या दशकात पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. घड्याळाच्या जोडीला पाळीचा भोंगा आला. आई-वडील कामावर, आजी-आजोबा गावी, अशा घरात शाळेतून आलेल्या मुलाला सोबत असते ती पडद्याची. मग एखाद्याने वर्गात मित्राला मारले की "टी.व्ही. बघून बिघडला" असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. हा निकाल कितपत खरा आहे? आणि तो देताना आपण दुसरे काही नजरेआड करतो का? प्रस्तुत लेखात याचा विचार करावयाचा आहे.

१. 'शक्तिमान'चा धडा

१९९७ साली सप्टेंबरमध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली. गिरक्या घेत उडणारा आणि संकटात धावून येणारा हा नायक मुलांचा अत्यंत लाडका झाला. पुढील एक-दोन वर्षांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून बातम्या येऊ लागल्या की, शक्तिमान वाचवायला येईल या विश्वासाने मुलांनी उंचावरून उडी मारली किंवा स्वतःला पेटवून घेतले. मालिका बंद करा, अशी ओरड झाली. नायकाचे काम करणारे निर्माते मुकेश खन्ना यांनी हा दोष नाकारला. मुलांनी अशी नक्कल करू नये, असे मालिकेद्वारेही सांगण्यात आले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, लहान मुलाला खरे आणि कल्पित यांतील सीमारेषा ठाऊक नसते. ती वयाबरोबर आणि मोठ्यांच्या बोलण्यातून कळत जाते. दुसरी, याच मालिकेच्या शेवटी स्वच्छतेच्या व चांगल्या सवयींच्या गोष्टी सांगितल्या जात आणि मुले त्याही उचलत. म्हणजे पडदा शिकवतो हे खरे, आणि तो भले-बुरे दोन्ही शिकवतो हेही खरे.

नक्कल केवळ कल्पित कथेची होते असेही नाही. १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकाता येथे झालेल्या फाशीचे वर्णन वाहिन्यांनी दिवसेंदिवस चालविले. त्यानंतर फाशीचा खेळ खेळताना मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दाम हुसेन यांच्या फाशीची चित्रे जगभर दाखविली गेली, तेव्हाही अनेक देशांत हेच घडले. मालिकेपेक्षा रात्रीच्या बातम्या निरुपद्रवी, हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

२. प्रयोग काय सांगतात?

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांपैकी काहींना मोठी व्यक्ती एका फुगीर बाहुल्याला ठोसे मारताना, हातोडीने बडवताना दाखविली. नंतर त्या मुलांना तसाच बाहुला दिला असता त्यांनी हुबेहूब तेच केले, तेच शब्द उच्चारले. १९६३ मध्ये हेच दृश्य चित्रपटातून दाखविले, तरी परिणाम तसाच दिसला.

यापुढचा १९६५ मधील प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे. चित्रपटात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिल्यावर मुलांनी नक्कल कमी केली. परंतु "जे पाहिले ते करून दाखवलेस तर बक्षीस मिळेल" असे सांगताच त्यांनीही सर्व काही करून दाखविले. अर्थात, मुलाने पाहिलेले त्याच्या मनात साठलेले असते. ते बाहेर येईल की नाही, हे आजूबाजूची माणसे त्या वागण्याला शाबासकी देतात की आवर घालतात यावर पुष्कळसे अवलंबून असते.

या प्रयोगांवर आक्षेपही आहेत. तो बाहुला मारण्यासाठीच बनविलेला होता, आणि मुलांना लगेच तपासले गेले. बाहुल्याला मारणारे मूल उद्या माणसाला मारील, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून दीर्घकाळचे अभ्यास पाहावे लागतात. लिओनार्ड एरॉन यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. ज्या मुलग्यांना हिंसक कार्यक्रम आवडत, ते दहा वर्षांनंतर अधिक भांडखोर आढळले. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे १००० मुलांचा मागोवा घेतला गेला. लहानपणी जास्त वेळ टी.व्ही. पाहणाऱ्यांत पुढे गुन्हा सिद्ध होण्याचे प्रमाण अधिक होते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र या अभ्यासात पाहण्याचे तास मोजले होते, कार्यक्रम कोणता हे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक नियम लक्षात ठेवा. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. टी.व्ही.मुळे मूल भांडखोर होत असेल. भांडखोर मुलालाच मारामारी आवडत असेल. किंवा घरी लक्ष द्यायला कोणी नाही या एकाच कारणातून दोन्ही गोष्टी निघत असतील.

३. एक गाव आणि एक बेट

कॅनडातील एका डोंगराळ गावात १९७३ पर्यंत टी.व्ही. पोहोचला नव्हता. टॅनिस मॅक्बेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी.व्ही. येण्यापूर्वी आणि आल्यावर दोन वर्षांनी तेथील मुलांचे खेळ पाहून नोंदी केल्या. मारणे, ढकलणे, शिवीगाळ यांत वाढ दिसली.

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टी.व्ही. आला. टोनी चार्ल्टन यांच्या गटाने तेथील मुलांचा अभ्यास केला. त्यांना वागणुकीत बिघाड आढळला नाही. कारण काय असावे? बेट लहान, सर्व जण एकमेकांना ओळखणारे. प्रत्येक मुलावर घराची, शाळेची आणि शेजाऱ्यांची नजर होती.

पडदा दोन्हीकडे आला, परिणाम मात्र सारखा झाला नाही. हिंसक दृश्यांनी जोखीम वाढते. ती किती वाढेल हे मुलाभोवतीची माणसे ठरवतात, असा निष्कर्ष यातून काढता येतो. आपल्या वस्तीच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

४. परिणाम तीन प्रकारचे

पहिला परिणाम अनुकरणाचा; तो डोळ्यांना दिसतो. दुसरा बोथटपणाचा, रोज पडद्यावर रक्त पाहून दुसऱ्याच्या वेदनेची कणव कमी होते. तिसरा भीतीचा. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने दाखविले की, खूप टी.व्ही. पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक क्रूर वाटते. मारामारी पाहणारी बहुसंख्य मुले कोणालाही मारत नाहीत. पण रात्री दचकणारी, अंधाराला घाबरणारी मुले आपल्या घरांत आहेत. ती तक्रार करीत नाहीत, म्हणून आपण त्यांची दखल घेत नाही.

त्याचबरोबर प्रत्येक धसमुसळा खेळ म्हणजे हिंसा नव्हे, हेही समजले पाहिजे. रायगड जिल्ह्यात कबड्डीची मोठी परंपरा आहे. कबड्डीत अंगाला अंग भिडते, परंतु नियम असतो, पंच असतो आणि डाव संपल्यावर खेळाडू हात मिळवतात. पडद्यावरच्या मारामारीत नेमके हेच नसते. तेथे मार खाणाऱ्याला दुखत नाही आणि मारणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही.

५. जी हिंसा पडद्यावर नसते

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण सोसावी लागली होती. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार मिळतो असे सांगितले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे.

आता विचार करा. पडद्यावरचा खलनायक मुलाला ओळखत नाही. घरातला हात मात्र रोजचा, ओळखीचा आणि प्रेमाच्या माणसाचा असतो. दारू पिऊन बाप आईवर हात टाकतो तेव्हा कोपऱ्यातले मूल जे शिकते, ते कोणत्याही वाहिनीवर शिकायला मिळत नाही. बांडुरा यांच्या प्रयोगातही मुलांनी प्रथम नक्कल केली ती समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचीच. "टी.व्ही.ने बिघडवले" असे म्हणताना आपण स्वतःला निर्दोष ठरवून घेत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

६. आपण काय करू शकतो?

कायदा आहे. १९९५ च्या केबल कायद्याखालील कार्यक्रम संहितेनुसार मुलांच्या कार्यक्रमांत अपशब्द व हिंसेची उघड दृश्ये असू नयेत, आणि मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम मुले जास्त पाहतात त्या वेळी दाखवू नयेत. परंतु कायदा प्रत्येक घरात येऊन बसत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी :

(अ) दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून अधिक नको, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिला आहे. जेवण भरवण्यासाठी मोबाईल देणे बंद करावे.

(आ) शक्य तेव्हा मुलासोबत बसून पाहावे आणि विचारावे : "त्याला लागले असेल का? त्याच्या घरच्यांना काय वाटेल? मारण्यावाचून दुसरा मार्ग होता का?"

(इ) एका पाळीचे पालक कामावर असताना दुसऱ्या पाळीच्या पालकांनी चार घरांची मुले सांभाळावी. संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग, वाचनालय आणि मैदानी खेळ यांची सोय सभासदांनी मिळून करावी. सेंट हेलेनाची ती नजर अशीच निर्माण होते.

(ई) मुलाला मारू नये. मारून "मारामारी करू नकोस" हे शिकवता येत नाही.

सारांश, दूरचित्रवाणीवरील हिंसा एकटी मुलाला हिंसक बनवत नाही. परंतु जेथे मार, दुर्लक्ष आणि एकटेपणा आधीच आहे, तेथे ती आगीत तेल ओतते. तेल दूर ठेवावेच, पण आग आपल्या घरात असेल तर ती आपणच विझवली पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न

१) पाहिलेले शिकणे आणि पाहिलेले करणे यांत फरक काय?
२) कॅनडातील गाव व सेंट हेलेना बेट यांचे निष्कर्ष वेगळे का आले असावेत?
३) आपल्या घरात एक आठवडा नोंद ठेवा : कोणी, काय, किती वेळ पाहिले आणि किती वेळा कोणी कोणावर हात उचलला. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून घरात त्यावर बोला.