‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मधील व्यापाराची दिशा

स्वीडनच्या पॅराडॉक्स संस्थेचा हा संगणकीय खेळ (२०१३) १४४४ ते १८२१ हा काळ व्यापतो. खेळणाऱ्याने एक राज्य निवडावे व त्याचा इतिहास स्वतः घडवावा, ही त्याची प्रतिज्ञा होय. खेळाडूंचा एक जुना आक्षेप या प्रतिज्ञेलाच भिडतो. व्यापारप्रवाहाची दिशा येथे आरंभीच ठरलेली असून ती पालटता येत नाही. प्रवाहाचा शेवट व्हेनिस, जिनोआ व इंग्लिश खाडी याच केंद्रांत होतो. मराठीभाषी राज्य घेऊन मराठा सत्ता उभारता येते, गुजरातेत व्यापार अडवून उत्पन्नही मिळवता येते. युरोपातील धन मात्र सुरतेकडे कदापि वळत नाही. वस्तुतः त्याच शतकांत अमेरिकेतील चांदी युरोपमार्गे हिंदुस्थानात ओतली जात होती! काही खेळाडू या नियमाला निव्वळ गणिती सोय मानतात: प्रवाह वर्तुळाकार झाला, तर हिशेबाला अंत उरणार नाही. हे समर्थन खोटे नाही. परंतु प्रवाहाचे मुख युरोपातच का, याचे उत्तर गणितात सापडत नाही. युरोपेतर राज्यांना प्रगतीसाठी ‘पाश्चात्त्यीकरण’ करावयास लावणारा नियम २०१६ मध्ये काढण्यात आला. व्यापाराचा नियम तसाच राहिला.