नोंद उसाची, तशीच आरोग्याची



लागण झाली की आपण गट ऑफिसात नोंद देता : गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. त्या एका नोंदीवरून आपल्या तोडणीची पाळी लागते. पण साऱ्या शिवाराच्या नोंदी एकत्र मांडल्या की कोणती जात कुठे चालली, गवताळ वाढ कुठे आली, हेही कळते. दवाखान्यातल्या नोंदीचे असेच दोन उपयोग आहेत. जुना कागद पाहून डॉक्टर पुढचे औषध देतात, हा पहिला सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल थोडे सांगतो.

गडचिरोलीत काय झाले?

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. संस्थेने ३९ गावांत १९९५-९६ या वर्षात ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. वजन किती, श्वास कसा, दूध ओढते का, अंग गार पडते का. त्यांतली ४० बाळे २८ दिवसांच्या आत दगावली. नोंदी एकत्र केल्यावर दिसले की निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आली शंभरात जेमतेम तीन. दवाखान्याच्या रजिस्टरात हे कधीच सापडले नसते. जे बाळ तिथे पोचलेच नाही, त्याची ओळ तिथे कशी असणार?

तेव्हा उपायही घरीच न्यायचे ठरले. गावातल्याच बाईला बाळ तोलणे, उबेत ठेवणे, श्वास मोजणे आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. आपण खताच्या चाचणीत एक वाफा बिनखताचा ठेवतो, तशी ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९८ पर्यंत या ३९ गावांत नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५.५ वर आले. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी भेटी देतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

आपल्या फडातली गोष्ट

धुळे-जळगावातून कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर जातात, आणि आपल्या फडातही बाहेरच्या टोळ्या येतात. दिवाळीत जन्मलेल्या बाळाचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस ऐन गाळपात येतात. कार्ड गावी पेटीत राहिले, तर इथल्या नर्सबाईंना कोणता डोस झाला ते कळायचे कसे? सातपुड्याकडील आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. कार्डावर त्याची नोंद असली तर मजुराचे अंग दुखणे म्हणजे नुसता शिणवटा नव्हे, हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात येते.

सभासदांनी एवढे करावे :

१. टोळी उतरली की गरोदर बाया आणि दोन वर्षांखालील मुले किती, ते आशाताईंना कळवावे. माता-बाल कार्ड बरोबर आणायला मुकादमाला उचल देतानाच सांगून ठेवावे.

२. घरात बाळ दगावले तरी ते लपवू नये. सांगणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण न लिहिलेला मृत्यू हिशेबात येत नाही आणि त्यावर उपायही निघत नाही.

३. कार्ड आईच्याच हाती राहू द्यावे. ते मुकादमाने ठेवून घेऊ नये, की कुणी चावडीवर वाचू नये. गावाचा आकडा काढायला नावे चारचौघांत सांगावी लागत नाहीत.

४. १४ अंकी आभा क्रमांकावर आपले कागद जोडता येतात. ते कुणाला दाखवायचे याची संमती आपली असते. विचारल्याशिवाय 'हो' म्हणू नये.

तोंडी सांगितलेल्या क्षेत्रावर आम्ही तोडणीचा कार्यक्रम आखत नाही. मग पोराबाळांच्या जिवाचा हिशेब तरी तोंडी का ठेवावा?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग