गहू सोडल्यावर केलेली तपासणी

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलीला वारंवार जुलाब होतात, हिमोग्लोबिनही कमी आहे. चार महिने पोळी बंद केल्यावर तिला बरं वाटलं. मग सीलिॲकची तपासणी केली, ती नॉर्मल आली. आता डॉक्टर पुन्हा गहू खायला सांगतात. का?
– एक वाचक, दिघोरी (जि. भंडारा)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला सूज आणणारा आजार. टीटीजी-आयजीए ही त्याची रक्ततपासणी ग्लूटेनमुळे तयार होणारी प्रतिपिंडे मोजते. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, आतड्याची सूजही ओसरते. म्हणजे हा अहवाल ‘आजार नाही’ असं सांगत नाही. त्यातून तुमचा भाग भाताचा. मुळात पोळी किती खाल्ली जात होती, हेही डॉक्टरांना सांगा.

आधी एचएलए-डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकतपासणी करून घ्या. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बाद, आणि गहू खाण्याचा त्रास वाचतो. असतील तरी आजार सिद्ध होत नाही. ती अनेक निरोगी माणसांतही असतात.

ही जनुके आढळली तर मग रोज दोन मध्यम पोळ्या, सहा ते आठ आठवडे, आणि त्यानंतर पुन्हा टीटीजी. त्रास असह्य झाला तर दोन आठवड्यांनीही तपासणी करतात, पण निदान निसटण्याची शक्यता वाढते. सोबत रक्तातलं एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचा प्रकार) मोजायला सांगा. ते कमी असेल तर टीटीजी फसवते. गरज पडल्यास दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे तपासतात.

मुलगी गरोदर असेल तर हा प्रयोग नको. पूर्व विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आजार आढळतो, म्हणून कमी हिमोग्लोबिनसाठी त्याचीही तपासणी करा. निदान होईपर्यंत पोळी पुन्हा बंद करू नका.